जुन्या गाडीची बॅटरी नव्हे, अर्थिंग तपासा : पद्मिनीच्या वायरिंगची ओळख

आमच्या घरी आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, कॉलम गिअरवाली. मागच्या पावसाळ्यानंतर ती सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्’. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, गाडी पंधरा दिवस चालली आणि परत तेच. तिसऱ्यांदा मी सेल्फ मारत असताना चोकच्या केबलमधून चक्क धूर निघाला. बाबा म्हणाले, "पुरे झालं आता. भंगारवाला किती देतो ते विचार." आजोबा काहीच बोलले नाहीत, आणि म्हणूनच मी मल्टिमीटर विकत घेतला.

तुमच्याही घरी अशी एखादी गाडी कव्हरखाली उभी असेल, तर पुढचं वाचा. या गाड्यांत ईसीयू नाही, सेन्सर नाहीत. मोबाईलवर स्कॅनर ॲप जोडून काही कळणार नाही. पण म्हणूनच सगळं डोळ्यांनी दिसतं आणि साध्या मीटरने मोजता येतं.

धूर केबलमधून का?

बॅटरीची निगेटिव्ह बाजू आमच्या गाडीत बॉडीला जोडलेली आहे. म्हणजे परतीची वायर म्हणजे गाडीचा पत्राच. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची एक जाड पट्टी असते, तीच अर्थिंगची पट्टी. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या पुढे करंट या पट्टीतून परत जातो. ती गंजली, तुटली की करंट दुसरी वाट शोधतो : चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. त्या बिचाऱ्या एवढ्या करंटसाठी बनलेल्या नसतात, त्या तापून लाल होतात. जवळच पेट्रोलचा पाइप असतो, हे लक्षात घ्या. आमची गाडी त्या दिवशी पेटली नाही हे नशीब.

खरं तर खूण आधीपासून समोर होती. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होत नव्हते. बॅटरी संपलेली असेल तर दिवे विझायला येतात. दिवे लख्ख आणि सेल्फ मात्र ढिम्म, याचा अर्थ बॅटरी ठीक आहे, वाट कुठेतरी अडली आहे. हे गॅरेजमध्ये कुणी पाहिलंच नाही.

मी मोजलं ते असं. आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढून ठेवली. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर, काळा थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच). मग मित्राला सांगितलं, "दोन सेकंद सेल्फ मार." मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. आमच्याकडे आले ३.१! म्हणजे बारापैकी तीन व्होल्ट वाटेतच गायब. पट्टी काढली तर खालचं टोक हिरवं पडलेलं, अर्ध्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी टाकली, दोन्हीकडचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातूवर आवळली, वरून व्हॅसलिन लावलं. परत मोजलं : ०.२. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. जुनी बॅटरी गॅरेजवाला घेऊन गेला होता, ती बहुतेक चांगलीच असणार.

बाकीचे आकडे

उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिनला थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ आले की चार्जिंग ठीक. डायनामो असलेल्या गाडीत आयडलला चार्जिंग जवळजवळ होतच नाही, लाल दिवा मिणमिणतो. तो बिघाड समजू नका. रेस दिल्यावरही विझला नाही, तर मात्र आधी बेल्ट, मग कार्बन, मग कटआऊट पाहा.

आठवडाभर उभी ठेवून बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. निगेटिव्ह क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा (अशा वेळी चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जाईल). या गाडीत सगळं बंद असताना जवळपास शून्य यायला हवं. ५० मिलिअँपिअर गळत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ ची बॅटरी महिन्याभरात रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा कुठे पडतो ते पाहा. बहुतेकदा नंतर बसवलेला स्टिरिओ सापडतो.

फ्यूजबद्दल थोडं स्पष्टच बोलतो. जुन्या फियाटमध्ये चिनीमातीचे, बाहेर पट्टी असलेले फ्यूज असतात. टोकं काळी पडली की फ्यूज शाबूत असूनही करंट जात नाही, बोटाने फिरवला तरी कधी कधी दिवा लागतो. पण उडालेल्या फ्यूजवर चांदी कागद गुंडाळणारे लोक मी पाहिलेत. फ्यूज वायर वाचवायला असतो, तो गेल्यावर जळायची पाळी वायरची येते. तसंच १०० वॅटचे बल्ब. दोन बल्बचे २०० वॅट म्हणजे सोळा-सतरा अँपिअर, आणि रिले नसेल तर हा सगळा करंट चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून जातो. जास्त उजेड हवाच असेल तर आधी रिले बसवा. इंडिकेटरला एलईडी लावलात तर जुना फ्लॅशर लुकलुकणारच नाही, कारण तो बल्बच्या करंटने तापूनच चालतो.

पावसाळ्यात सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी सुरू होत नाही, तर डेल्कोचं झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. पॉइंट काळे पडले असतील तर घासून गॅप फीलर गेजने लावून घ्या. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला, स्वस्तात काम होतं.

आणि कुठलीही वायर काढण्याआधी मोबाईलने फोटो काढा, उजेडात, दोन बाजूंनी. चाळीस वर्षांत वायरींचे रंग उडालेले असतात, शिवाय मधल्या काळात कुणी काय जोडलं असेल याचा नेम नाही. आमच्या गाडीत हॉर्नची वायर लाल होती आणि ती थेट वायपरच्या स्विचवरून आली होती. का, ते आजोबांनाही आठवत नाही.