हौशी वैमानिक आणि अतिहलकी विमाने : परवाना, तपासणी आणि जबाबदारी

उडणाऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालणे आणि त्याच्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येणे, या दोन गोष्टींत कायदा किती अंतर मानतो, यावर हौशी विमानोड्डाणाचे नियम ठरतात. प्रवासी विमान चालविणाऱ्याला शेकडो तासांचा सराव, कडक वैद्यकीय तपासणी आणि वारंवार द्याव्या लागणाऱ्या परीक्षा यांतून जावे लागते. केवळ छंद म्हणून एकट्याने, मोकळ्या माळावर, शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या यंत्रातून उडणाऱ्याला तेच निकष लावावेत काय, हा प्रश्न गेली चार दशके जगभरातील नियामक संस्थांपुढे आहे. प्रत्येक देशाने त्याचे उत्तर वेगळे दिले असले, तरी त्या उत्तरांमागील तर्क बराचसा सारखा आहे.

आंतरराष्ट्रीय चौकट

१९४४ च्या शिकागो करारातून उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना वैमानिकांच्या परवान्यांसाठी किमान निकष ठरविते. विमानाच्या खासगी वैमानिकासाठी किमान वय १७ वर्षे असून उड्डाणाचा अनुभव सर्वसाधारणपणे ४० तासांचा असावा लागतो. हे निकष पाळून दिलेला परवाना अन्य देशांत मान्य होण्याचा मार्ग सुकर असतो. अतिहलक्या विमानांसाठीचे परवाने मात्र बहुतांशी राष्ट्रीय स्वरूपाचे आहेत. ते त्या त्या देशाच्या कायद्यातून निर्माण झालेले असल्याने सीमेपलीकडे आपोआप चालत नाहीत. परदेशात अशा विमानातून उडायचे असल्यास त्या देशाची स्वतंत्र अनुमती घ्यावी लागते.

‘अतिहलके विमान’ या संज्ञेची व्याख्याही सर्वत्र एक नाही. युरोपीय संघाच्या २०१८ च्या मूलभूत विमान वाहतूक नियमावलीने ही विमाने सामायिक युरोपीय नियमांतून वगळून सदस्य देशांच्या अखत्यारीत ठेवली. त्यामुळे फ्रान्स, जर्मनी किंवा इटली यांचे परवाने आणि तपासणीच्या पद्धती एकमेकींहून भिन्न आहेत.

अमेरिका : परवान्याविना उड्डाण

सर्वांत मोकळी व्यवस्था अमेरिकेत आहे. १९७० च्या दशकात हँग ग्लायडरला लहान इंजिने जोडण्याची लाट आली. ही यंत्रे रूढ विमानांच्या नियमांत बसत नव्हती आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. अखेर फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन या नियामक संस्थेने १९८२ मध्ये ‘भाग १०३’ हा नियमसंच लागू केला.

या नियमांनुसार इंजिन असलेल्या अतिहलक्या यानाचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा कमी असले पाहिजे. पाण्यावर उतरण्याचे तरंडे आणि आपत्कालीन सुरक्षा साधने यांचे वजन त्यात धरले जात नाही. इंधनाची क्षमता पाच अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटरांपर्यंत मर्यादित आहे. सरळ उड्डाणातील कमाल वेग ५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटर इतकाच असावा लागतो. ज्या वेगाखाली पंखांना यानाचा भार पेलता येत नाही, तो ‘स्टॉल’ वेग २४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटरच्या वर असता कामा नये. आसन एकच आणि उद्देश केवळ क्रीडा किंवा मनोरंजन.

या मर्यादांत बसणाऱ्या यानाला नोंदणी लागत नाही, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र लागत नाही आणि ते चालविणाऱ्याला वैमानिकाचा परवाना किंवा वैद्यकीय प्रमाणपत्रही लागत नाही. सवलतीचा मोबदला मात्र उड्डाणाच्या बंधनांतून वसूल केला जातो. शहरांच्या दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या लोकसमुदायावरून उडण्यास मनाई आहे. उड्डाण मुख्यतः दिवसाउजेडीच करता येते आणि जमीन सतत दिसत असावी लागते. विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात जाण्यापूर्वी हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची अनुमती आवश्यक असते. इतर सर्व विमानांना वाट देण्याची जबाबदारीही अतिहलक्या यानावरच आहे. नियामक संस्थेचा अधिकारी केव्हाही यानाची पाहणी करू शकतो.

वजन आणि वेग यांवर एवढा भर का, याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. आदळण्याच्या क्षणीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन तेवढेच ठेवून वेग दुप्पट केला, तर ऊर्जा चौपट होते. हळू उतरणाऱ्या हलक्या यंत्राला थोडी जागा पुरते आणि ते खाली पडलेच, तर जमिनीवरील लोकांची हानी कमी होते. मर्यादांचे हे आकडे जमिनीवरील माणसाचे संरक्षण करतात, तर एकाच आसनाची अट प्रवाशाचे.

दुसऱ्या आसनाचा प्रश्न

ही दुसरी अट किती महत्त्वाची आहे, हे पुढील दोन दशकांत स्पष्ट झाले. एकच आसन असेल तर शिकवायचे कसे, या अडचणीवर तोडगा म्हणून दोन आसनी यानांना केवळ प्रशिक्षणापुरती सूट देण्यात आली. पुढे त्या सुटीच्या आडून मित्रांना आणि पर्यटकांना फिरवून आणण्याचे प्रकार वाढले. प्रशिक्षण आणि सहल यांतील सीमारेषा कागदावर राहिली.

या पार्श्वभूमीवर २००४ मध्ये ‘स्पोर्ट पायलट’ हा नवा परवाना आणि ‘लाइट स्पोर्ट’ हा विमानांचा नवा वर्ग अस्तित्वात आला. दोन आसने, उड्डाणाच्या वेळी कमाल ६०० किलो वजन आणि सरळ उड्डाणात कमाल १२० नॉट वेग अशी त्याची चौकट होती. परवान्यासाठी किमान १७ वर्षे वय आणि विमानाच्या बाबतीत किमान २० तासांचे उड्डाण ठरविण्यात आले. एका प्रवाशाला नेण्याची मुभा मिळाली. मात्र त्याबरोबर लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा आणि विमानाची नोंदणीही आली. दोन आसनी प्रशिक्षण यानांची जुनी सूट ३१ जानेवारी २००८ रोजी संपुष्टात आली.

वैद्यकीय तपासणीबाबत या परवान्याने वेगळी वाट धरली. वाहन चालविण्याचा वैध परवाना हाच आरोग्याचा पुरेसा पुरावा मानण्यात आला. मात्र ज्याचा वैद्यकीय प्रमाणपत्राचा अलीकडचा अर्ज फेटाळला गेला आहे, त्याला हा मार्ग बंद आहे. आपण आज उडण्यास योग्य आहोत काय, याचा निर्णय प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाने स्वतः घ्यावा, असे तत्त्व त्यात आहे.

जुलै २०२५ मध्ये ही चौकट आणखी रुंदावली. ‘मोझॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या नियमांनी वजनाची मर्यादा काढून टाकली आणि त्याऐवजी स्टॉल वेग हा मुख्य निकष मानला. स्पोर्ट पायलटसाठी ही मर्यादा ५९ नॉट ठेवण्यात आली असून वैमानिकांविषयीच्या तरतुदी २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. चार आसनी विमान चालविण्याची मुभा मिळाली, तरी प्रवासी मात्र एकच नेता येतो. यंत्राबाबत नियामक उदार झाला. प्रवाशांच्या संख्येबाबत तो जागचा हलला नाही.

ब्रिटन : यंत्र मोकळे, वैमानिक नव्हे

ब्रिटनने दुसरा मार्ग स्वीकारला. तेथे ठरावीक मर्यादांतील एक आसनी मायक्रोलाइट विमाने उड्डाणयोग्यतेच्या सरकारी तपासणीतून मुक्त आहेत आणि २०१४ मध्ये या सवलतीची व्याप्ती वाढविण्यात आली. ते विमान चालविणाऱ्याला परवाना मात्र लागतोच. यंत्राची निगा मालकावर सोपविता येईल; परंतु हवाई क्षेत्राचे नियम ठाऊक नसलेला वैमानिक इतरांसाठी धोका ठरतो, हा त्यामागील विचार आहे. दोन आसनी विमानांची तपासणी अनिवार्य असून त्या कामात ब्रिटिश मायक्रोलाइट एअरक्राफ्ट असोसिएशनसारख्या वैमानिकांच्याच संघटनांना नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने अधिकार दिले आहेत. सरकारी देखरेख आणि संघटनेची शिस्त यांची ही सांगड इतर देशांतही अभ्यासली जाते.

भारतातील स्थिती

भारतात अमेरिकेसारखी परवानामुक्त इंजिनयुक्त विमानांची श्रेणी नाही. मायक्रोलाइट विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी करून ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारे नोंदणीचिन्ह घ्यावे लागते आणि वैमानिकाला परवाना आवश्यक असतो. १९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. महासंचालनालय, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो आणि विमान अपघात तपास ब्युरो या तिन्ही यंत्रणांचे अधिकार त्या कायद्यात नमूद आहेत.

भारतीय नियमनाला सुरक्षेचा एक निराळा पदर आहे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या आधी दिल्ली पोलीस पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, मायक्रोलाइट विमाने, ड्रोन आणि गरम हवेचे फुगे यांच्या उड्डाणांवर बंदीचे आदेश काढतात. मुंबई पोलिसांकडूनही असे आदेश वेळोवेळी निघतात. हलके यंत्र रडारवर सहज टिपले जात नाही आणि उड्डाणासाठी त्याला धावपट्टीचीही फारशी गरज नसते. छंदाच्या दृष्टीने जे गुण, तेच सुरक्षा यंत्रणांच्या दृष्टीने चिंतेचे कारण ठरतात.

हौशी उड्डाणाची परंपरा देशात, विशेषतः महाराष्ट्रात, जुनी आहे. पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राने अनेक पिढ्यांना इंजिनाविना उडण्याचे धडे दिले. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून इंग्लंडहून भारतापर्यंत एकट्याने प्रवास केला. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाची अनुमती २०१९ मध्ये मिळाली. घरी बांधलेल्या विमानासाठी नियमांची स्वतंत्र वाट रुळलेली नसली, की निर्मात्याचा आणि नियामकाचा किती काळ खर्ची पडतो, याचे ते उदाहरण आहे.

ही वाट आखण्याचा प्रयत्न केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणातून केला. एरोबॅटिक्स, हौशींनी बांधलेली विमाने, फुगे, ग्लायडिंग, पॅराशूट उड्या, पॅराग्लायडिंग आणि मायक्रोलाइटसह अकरा प्रकार त्यात समाविष्ट आहेत. शिखरस्थानी भारतीय हवाई क्रीडा महासंघ, त्याखाली प्रत्येक प्रकाराची राष्ट्रीय संघटना, मग राज्य आणि जिल्हा पातळीवरील संघटना अशी चार स्तरांची रचना धोरणात मांडली आहे. सुरक्षेचे निकष ठरविण्याचे काम संघटनांवर सोपविण्याची ही कल्पना ब्रिटनच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. धोरण आणि कायदा यांत मात्र फरक असतो. धोरण दिशा दाखविते; दंडाचा अधिकार कायद्यातून येतो.

खरी कसोटी पर्यटकाच्या आसनाशी

भारतात हवाई क्रीडांचा सर्वांत मोठा विस्तार छंदापेक्षा पर्यटनातून झाला आहे. हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंग, महाराष्ट्रातील कामशेत आणि गोव्याच्या किनाऱ्यालगतची पठारे येथे पॅराग्लायडिंगसाठी येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण प्रथमच उडत असतात. ते ‘टॅन्डम’ उड्डाणात, म्हणजे अनुभवी चालकासोबत एकाच पंखाखाली बसतात. येथे देखरेखीचे काम मुख्यतः राज्यांकडे आहे. हिमाचलने हवाई क्रीडांसाठी स्वतःचे नियम केले असून पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात उड्डाणे बंद ठेवली जातात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण स्वीकारून जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणीच्या कक्षेत आणले.

नियम आणि त्यांची अंमलबजावणी यांतील अंतराची किंमत जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातील केरी पठारावर दिसली. तेथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा चालक असे दोघे मृत्युमुखी पडले. आयोजकाकडे आवश्यक परवानगी नव्हती, असे पोलिसांनी सांगितले आणि गुन्हा नोंदविला.

अमेरिकेत दोन आसनी यानांबाबत जे घडले, त्याच्याशी या घटनेचा धागा जुळतो. एकटा उडणारा हौशी वैमानिक धोका जाणून पत्करतो. पैसे देऊन बसणाऱ्या पर्यटकाला मात्र वाऱ्याचा वेग, पंखाचे वय, राखीव पॅराशूटची अवस्था किंवा चालकाचा अनुभव यांपैकी काहीच पारखता येत नाही. त्याच्या वतीने ही पारख कोणीतरी आधीच केलेली असावी, एवढाच नोंदणीचा आणि परवान्याचा अर्थ आहे.

टॅन्डम उड्डाणापूर्वी पर्यटकाने आयोजकाची राज्य सरकारकडील नोंदणी, चालकाचे वैध प्रमाणपत्र, विमा आणि राखीव पॅराशूट यांची विचारणा करणे हिताचे असते. मायक्रोलाइट विमानाच्या बाबतीत विमानावरील ‘व्हीटी’ नोंदणीचिन्ह आणि वैमानिकाचा परवाना पाहण्याची मागणी करता येते. कागदपत्रे दाखविण्यास टाळाटाळ झाल्यास उड्डाण रद्द करणे, हाच सुरक्षित निर्णय ठरतो.