लालबागच्या खोलीचा गावाकडचा खर्च

माझ्या आजोबांनी गिरणीतली सगळी नोकरी लालबागच्या एका चाळीत, गावकीच्या खोलीत राहून केली. दहा बाय बाराची खोली आणि एकाच गावचे वीस-पंचवीस गडी. मोठ्या शहरात राहण्याचे फायदे-तोटे मांडताना लोक एकीकडे पगार, शाळा, दवाखाना धरतात आणि दुसरीकडे गर्दी, धूर, महागाई. त्या हिशेबात एक बाजू कायम राहून जाते. आजोबांच्या मुंबईचा निम्मा खर्च गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराने उचलला.

ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तसे रत्नागिरी जिल्ह्यातले तरणे गडी बोटीने मुंबईला जाऊ लागले. जमीन खोताची, पिकवायची कुळाने, वर वेठ. अशा गावात रोख पैसा कुठून येणार? दाभोळला बोट धरायची, मुंबईत उतरलं की गाववाल्याची खोली गाठायची. त्याने जॉबरकडे, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकला तर गैरहजर माणसाच्या बदलीवर लागायचं. पुढे कधीतरी कायम.

खोलीत प्रत्येकाच्या मालकीची एक ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंका फळीवर चढवलेल्या. रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. पाऊस नसेल तर गॅलरीत, नाहीतर खाली रस्त्याच्या कडेला पथारी. जेवण खाणावळीत. पैसे पगाराला, गावी गेलं तर तेवढे खाडे वजा. या खाणावळी बहुतेक बायकाच चालवायच्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा घरी बसलेला. संपाच्या दिवसांत त्यांनी उधारीवर माणसं जेवू घातली आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडाल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारात उभं केलं. गिरणगावच्या इतिहासात या बायकांना युनियनच्या पुढाऱ्यांइतकीच जागा मिळायला हवी, असं मला वाटतं.

शहराने दिलं तेही थोडं नव्हतं. गावात खोतापुढे मान खाली घालणारा माणूस इथे मालकाविरुद्ध संपावर जायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळं त्याच मागणीसाठी मुंबईत मोर्चाने चालली. गावात खोताच्या दारावर असा मोर्चा नेण्याची कोणाची छाती झाली नसती. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

पण शहरात आल्याने जात सुटली, असं म्हणणाऱ्याने गिरणीतला साचेखाता, म्हणजे विणकामाचा विभाग, आठवावा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. ओठ लाकडाला टेकायचे. तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात पाऊल ठेवू दिलं नाही. पगार मात्र तिथेच चांगला. युनियनही एक, संपही एक, आणि तरी ही बंदी कायम! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ते स्वतः तेव्हा परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते.

आता गावाकडची बाजू. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता होता, कुटुंबाला मुंबईत ठेवण्यापुरता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईत दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई होती, ती याच कारणाने. आजीने नांगरणीला माणूस शोधला, लावणी केली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, चारही बाळंतपणं गावात केली. पोस्टाने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली होती. तिच्या फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन-तीन ओळी लिहायला जागा असायची. आजीचा संसार त्या ओळींत चालायचा. वाचून दाखवायला पोस्टमन, त्यामुळे नवऱ्याने मनातलं काही लिहायची सोय नाही. ‘भात झोडून झालं का. बैलाला जपा.’ एवढंच.

आणि शिमगा-गणपतीला आलेला चाकरमानी परत निघाला की गाठोड्यात तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं जायची. कापसाच्या धुळीने छाती भरली, खोकला लागला की गडी गावी पाठवला जायचा. म्हातारपणही गावीच. माणूस लहानाचा मोठा केला गावाने, थकल्यावर सांभाळला गावाने, मधली कामाची वर्षं तेवढी गिरणीची. इतक्या स्वस्त मजुरावर मुंबई उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणीत लागलेले माझे काका त्या वर्षी गावी लावणीला चिखलात उतरले. खोलीतले बहुतेक जण आपापल्या घरी परतले होते. संप इतका लांबला, कारण गावं त्यांना भात घालत होती. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कित्येकांना गिरणीने पुन्हा घेतलं नाही, आणि गावांनी त्यांना कायमचं ठेवून घेतलं.

पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि मोठ्या लढ्यानंतर कामगारांसाठी घरांची योजना आली. ती यायलाच हवी होती. तिचा अर्ज कामगाराने करायचा, तो नसेल तर वारसाने. घरी शेत धरून बसलेल्या बाईचं नाव त्यात लागतं ते नवरा गेल्यावर. कामगाराची बायको म्हणून तिचा हक्क तो जिवंत असतानाच, घराच्या कागदावर त्याच्या नावाशेजारी लागला पाहिजे. गिरणीला तिनेही चाळीस वर्षं पोसलं आहे.