मुलाचा नकार

१५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईच्या प्लेग लॅबोरेटरीत 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन'च्या नियामक मंडळाची पहिली बैठक झाली. १९४९ मध्ये हीच संस्था आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली. संशोधनाच्या नीतीविषयीचे तिचे पहिले निवेदन आले १९८० मध्ये. मग २००० आणि २००६ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे निघाली. जे मोठ्यांच्या अभ्यासातून कळू शकते त्यासाठी मुलांना वेठीला धरू नये, आणि आईवडिलांची संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे त्यांत स्पष्ट होते.

तरीही २००९ घडले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना देण्याचा प्रकल्प 'पाथ' या अमेरिकी संस्थेने राबवला. आयसीएमआर त्यात सहभागी होती. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. आईबाप दूर पाड्यावर. मग संमतीपत्रांवर सही केली वसतिगृहाच्या अधीक्षकांनी. पुढे संसदीय समितीने आकडा नोंदवला: आंध्रातल्या ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण माझ्या मते त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही. लस निर्धोक असली, तरी ज्या आईला विचारलेच नाही तिचा हक्क गेला तो गेलाच. २०१३ च्या अहवालात समितीने खुद्द आयसीएमआरलाही धारेवर धरले, आणि ते योग्यच होते.

२०१७ मध्ये परिषदेने केवळ मुलांवरील संशोधनासाठी वेगळी तत्त्वे काढली. त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती मुलाच्या स्वतःच्या होकाराची तरतूद: पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी, तर १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार. मूल नको म्हणाले, तर त्याचा मान राखायचा. मुलांना संशोधनातून सरसकट वगळणे हाही अन्यायच, कारण मग मोठ्यांवर तपासलेली औषधे अंदाजाने कमी करून त्यांना दिली जातात. ही बाजूही परिषदेने ध्यानात घेतली.

सात वर्षांखालच्या मुलाच्या वतीने मात्र पालकच बोलतात. सरकारी दवाखान्यात तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेऊन बसलेली आई त्याला अभ्यासात घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांना नाही म्हणू शकते का? नकार दिला तरी उपचार तसेच मिळतील, हे तिला तिच्या बोलीत, सही मागण्याआधी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवे. पण संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीपुढे येतात ते फक्त कागद. मंजूर केलेल्या अभ्यासाची जागेवर जाऊन देखरेख करण्याचे काम तत्त्वांनी समितीकडे दिलेलेच आहे. अंगणवाड्या आणि आश्रमशाळांपासून तिने ते सुरू करावे.