किल्लीचें ओझें

गुप्तलेखनाचा इतिहास म्हणजे बहुतांशीं कुलपें फुटल्याचा इतिहास होय. अमेरिकेंतील गिल्बर्ट व्हर्नम यानें १९१७ सालीं तारायंत्रासाठीं जी युक्ति काढली, तींत संदेशाच्या प्रत्येक अक्षरांत किल्लीचें एक अक्षर मिसळावयाचें होतें. किल्ली केवळ यदृच्छेनें बनविलेली असावी व ती पुनः वापरूं नये, एवढें पाळलें कीं हें कुलूप अभेद्य ठरतें. क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. पण किंमतहि सांगितली. किल्ली संदेशाइतकीच लांब हवी! लाख अक्षरें कळवावयाचीं तर लाख अक्षरांची किल्ली आधीं गुपचूप पोंचविली पाहिजे.

हें ओझें माणसास पेलत नाहीं. १९४२ सालीं, युद्धाच्या धांदलींत, सोव्हिएट किल्ल्यांचीं सुमारें ३५ हजार पानें दोनदां छापलीं गेलीं. तेवढ्या फटींतून अमेरिकनांनीं १९४३ पासून १९८० पर्यंत चिकाटीनें डोकावून सुमारें तीन हजार तारांचे अंश वाचले, आणि क्लाउस फुक्ससारखा अणुहेर उघडा पडला. गणित चुकलें नव्हतें, छापखाना चुकला.

मग आंखूड किल्लीनें भागणारच नाहीं काय? उएली मौरर यानें १९९२ सालीं शॅननला न खोडतां वाट काढली. सर्वांस खुला असा यदृच्छ अंकांचा अफाट साठा घ्यावयाचा. त्यांतील कोणतीं स्थळें वाचावयाचीं, एवढेंच आंखूड किल्लीनें ठरवावयाचें. शत्रूची बुद्धि अमर्याद मानली तरी चालेल, पण सारा साठा त्यास उतरवून घेतां येऊं नये. औमन, डिंग व राबिन यांनीं २००२ सालीं याहि पुढचें दाखविलें: साठा नाहींसा झाल्यावर किल्ली हातीं लागली, तरी शत्रूची मूठ रिकामीच.