फिजींतील गिरमिटियांच्या आत्महत्या : आंकड्यांची छाननी

गिरमिट हा शब्द मराठी वाचकांस सुताराचें हत्यार म्हणून ठाऊक आहे. प्रस्तुत लेखांतील गिरमिट निराळें. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ शब्दाचा उत्तर हिंदुस्थानांतील मजुरांच्या तोंडीं झालेला हा अपभ्रंश असून, परद्वीपीं मळ्यावर पांच वर्षें राबण्याचा करार असा त्याचा अर्थ आहे. या करारानें इ. स. १८७९ ते १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसें फिजी बेटांत उतरलीं. त्यांपैकीं ज्यांनीं आपला जीव आपणच दिला, त्यांच्या आंकड्यांचा विचार येथें कर्तव्य आहे.

इ. स. १९१३ मध्यें जेम्स मॅकनील व लाला चिमणलाल यांनीं हिंदुस्थान सरकारच्या वतीनें वसाहतींची पाहणी केली. त्या सुमाराच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें फिजींतील करारबद्ध मजुरांत दर दहा लक्षांस वर्षाला ९२६ आत्महत्या घडत. तेथीलच करारमुक्त हिंदी लोकांत हें प्रमाण १४७ होतें. ज्या मुलखांतून हे लोक मुख्यत्वें गेले, त्यांपैकीं संयुक्त प्रांतांत तें ६३ व मद्रास इलाख्यांत ४५ होतें. म्हणजे घरीं राहिलेल्यांच्या मानानें गिरमिटियांचें प्रमाण सुमारें चौदा ते वीस पट ठरतें.

या आंकड्यांवर एक आक्षेप सहज संभवतो. भरती केलेले मजूर बहुतेक तरुण; उलट स्वदेशाच्या लोकसंख्येंत मुलेंबाळें व वृद्ध सर्वच आले. आक्षेप रास्त आहे. म्हणून भागाकारांतील हा दोष काढण्यासाठीं स्वदेशांतील निम्मी वस्ती अल्पवयी धरून तेथील प्रमाण दुप्पट करूं. संयुक्त प्रांतांचे ६३ चे १२६ होतात. तरीहि गिरमिटियांचें प्रमाण सातपटीहून अधिक उरतें. करारमुक्तांचे १४७ चे २९४ केले, तरी फरक तिपटीहून जास्तच राहतो. हे करारमुक्त लोक म्हणजे करार पुरा केलेले गिरमिटिये व त्यांची तेथेंच जन्मलेली संतति. त्यांची भूमि तीच व स्वजनांपासूनचें अंतरहि तेंच. तेव्हां केवळ देशांतर हें या अनर्थाचें कारण मानतां येत नाहीं.

सरकारी कागदांत वारंवार दिलेलें कारण निराळें आहे. शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया पाठवाव्या असा नियम होता. त्यामुळें स्त्रियांची वाण पडून मत्सर माजला व त्यांतून आत्महत्या झाल्या, अशी ती उपपत्ति. परंतु तोच नियम इतर वसाहतींसहि लागू होता. त्याच आंकड्यांत त्रिनिदादच्या करारबद्धांचें प्रमाण ४०० व ब्रिटिश गियानाचें १०० आहे. कारण सर्वत्र सारखें असतां कार्य एके ठिकाणीं नऊपट कां व्हावें? या उपपत्तीनें दोष मजुरांच्या व विशेषतः स्त्रियांच्या चारित्र्यावर जातो, आणि मळा, मुकादम व करार हे सर्व निर्दोष सुटतात, ही गोष्ट संशोधकानें दृष्टीआड करूं नये.

खरी दिशा दुसऱ्या एका साधनानें दिसते. प्रत्येक मजुराचा एक परवाना असे. त्यावर नांव, बापाचें नांव, वय, जात, जिल्हा, ठाणें, गांव, उंची व अंगावरील खूण लिहिलेली असे. प्रा. ब्रिज लाल यांनीं उत्तर हिंदुस्थानांतील मजुरांचे असे ४५,४३९ परवाने तपासले, आणि पुढें इ. स. १९८५ च्या एका लेखांत आत्महत्यांचा स्वतंत्र विचार करून मत्सराची उपपत्ति अपुरी असल्याचें दाखविलें. पुष्कळ आत्महत्या बेटांत उतरल्यापासून थोड्याच महिन्यांत झालेल्या आहेत. नवख्या माणसावर दिवसाचें नेमून दिलेलें काम, तें पुरें न झाल्यास खटला, आणि तीन एकट्या पुरुषांस मिळून दहा फूट लांब व सात फूट रुंद खोली, असा हा आरंभ होता.

या आंकड्यांमागील मनःस्थितीचा एक लेखी पुरावा उपलब्ध आहे. इ. स. १८९३ त फिजीस गेलेले तोताराम सनाढ्य यांनीं भुतांच्या म्हणून सोडून दिलेल्या चाळींत काढलेल्या दिवसांचा वृत्तांत लिहून ठेविला. उपासमारीनें जीव देण्याचा विचार त्यांच्या मनांत आला होता. त्या वेळीं बेटावरील मूळच्या लोकांनीं त्यांस अन्न आणून दिलें व ते वांचले. हा वृत्तांत दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहून इ. स. १९९४ त छापून निघाला.

या प्रकरणाशीं महाराष्ट्राचा संबंध ना. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळें येतो. ४ मार्च १९१२ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांनीं ही पद्धति बंद करण्याचा ठराव मांडिला व भाषणांत या आत्महत्यांचा निर्देश केला. ठरावास २२ मतें अनुकूल व ३३ प्रतिकूल पडलीं. गोखले इ. स. १९१५ त निवर्तले, इ. स. १९१६ त पंडित मालवीय यांचा तशाच आशयाचा ठराव सरकारनें मान्य केला, आणि फिजींतील उरलेले करार इ. स. १९२० च्या आरंभीं रद्द झाले.

सरकारी दप्तरांत मृत्यूचें कारण लिहिणारा मळेवाल्यांच्या बाजूचा, आणि मेलेला निरक्षर व निराधार. अशा स्थितींत परवाना, खटल्याचा कागद व घरीं आलेलें एखादें पत्र हाच मृताचा साक्षीदार होय. परद्वीपीं गेलेल्या मजुरांचे असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते सनदा व महजर यांच्याइतक्याच काळजीनें जतन करावे, अशी आमची विनंति आहे.