काशीयात्रेच्या वाटेवरची मोटार

लखनौच्या दक्षिण अंगाला, रायबरेली रस्त्यालगत पसरलेली वृंदावन योजना ही उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने, म्हणजे त्या राज्याच्या १९६५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या गृहनिर्माण संस्थेने, सेक्टर पाडून वसवलेली वसाहत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्या पंधराव्या सेक्टरात देशाचे संरक्षण-प्रदर्शन भरले तेव्हा तिचे नाव लखनौबाहेरही पोहोचले. एरवी ती नोकरदार कुटुंबांची, रुंद रस्त्यांची आणि शेजारच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांची वस्ती. मात्र महाराष्ट्रातून स्वतःच्या गाडीने उत्तरेस निघालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने या वसाहतीचे स्थान फार अर्थपूर्ण आहे. मुंबई, नाशिक, धुळे, इंदूर, शिवपुरी, झाशी, काल्पी, कानपूर अशी येणारी वाट लखनौच्या सीमेवर शहीद पथाला, म्हणजे गावात न शिरता कानपूर, रायबरेली, सुलतानपूर आणि अयोध्या या चारही रस्त्यांना जोडणाऱ्या वळणरस्त्याला मिळते. नागपूर, शिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज अशी येणारी दुसरी वाट रायबरेलीवरून थेट या वसाहतीच्या कडेने शहरात शिरते. आणि दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात त्या वसाहतीजवळच्या चौकात. वसाहत अलीकडची असली तरी या दोन्ही वाटांवर मराठी माणसांची ये-जा अडीचशेहून अधिक वर्षांची आहे, आणि सहकुटुंब मोटारप्रवास ही आज हौसेची समजली जाणारी गोष्ट या जुन्या ये-जेचेच शेवटचे रूप आहे.

या ये-जेचे मूळ काशीयात्रेत आहे. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांची मिळून होणारी त्रिस्थळी यात्रा हे मराठी गृहस्थाचे आयुष्यातले मोठे कर्तव्य मानले जाई, आणि अयोध्या तिला जोडून घेतली जाई. अठराव्या शतकात ही यात्रा राजकारणाचाही भाग झाली, कारण प्रयाग व काशी ही क्षेत्रे अवधच्या नबाबाच्या अंमलात होती आणि ती आपल्या ताब्यात यावीत ही पेशव्यांची उघड आकांक्षा होती. क्षेत्रे मिळाली नाहीत, पण तिथवर नेणारी वाट मात्र मोठ्या अंतरापर्यंत मराठ्यांच्या हाती आली. तिचा पुरावा आजही गाडीच्या खिडकीतून दिसतो. नाशिकच्या पंचवटीत गोदाकाठी, घंटेसाठी प्रसिद्ध असलेले नारोशंकराचे देऊळ आहे. तिथून निघालेली गाडी मालेगावात पोहोचते, तिथला भुईकोट किल्ला याच नारोशंकर राजेबहाद्दरांचा. आणि ते १७४२ पासून झाशीचे सुभेदार होते, त्यांनी तिथल्या किल्ल्याला जोडलेला भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. झाशीपलीकडचा जालौन-काल्पीचा मुलूख गोविंदपंत बुंदेल्यांकडे होता. मधल्या माळव्यात नर्मदाकाठी महेश्वरास अहिल्याबाई होळकरांची राजधानी होती. १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीत ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या गेल्या आणि १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले. यात्रेकरूची वाट आणि त्याचे गंतव्य या दोहोंची सोय एकाच राज्यकर्तीने करावी, हे भारताच्या रस्त्यांच्या इतिहासात दुर्मीळ आहे, आणि त्याचे मोल अजून पुरेसे जाणले गेलेले नाही.

या वाटेवरच्या पायी प्रवासाचे सर्वांत जिवंत वर्णन पेणजवळच्या वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांनी केले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये काकांसह निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी संपादून प्रसिद्ध केले. गोडसे घरी परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, म्हणजे बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी अडकवून ती खांद्यावर वाहत. त्या काळच्या यात्रेचे स्वरूप या एका वस्तूवरून कळते: यात्रा घरातल्या एकाने करायची आणि तिचे पुण्य पाण्याच्या रूपाने घरी आणायचे. परतल्यावर मावंदे घातले जाई, म्हणजे गंगापूजन करून भाऊबंद आणि गावकरी यांना जेवण दिले जाई. लेकुरवाळ्या बायका आणि मुले बहुधा मागेच राहत. घरातले वडीलधारे संसाराची निरवानिरव करून निघत, कारण परत येण्याची खात्री नसे.

रेल्वेने हे चित्र पालटले. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून जाणारा लोहमार्ग जबलपूरला अलाहाबादकडून येणाऱ्या मार्गाला जोडला गेला आणि महिन्यांची यात्रा काही दिवसांवर आली. त्याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही, तो असा की लांब पल्ल्याचा रस्ता ओस पडला. यात्रेकरू गेले, बैलांचे तांडे गेले, आणि धर्मशाळा देवळांच्या आधाराने कशाबशा उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली तेव्हा तिच्यासाठी शहरांच्या आसपास रस्ते होते, पण प्रांत ओलांडून जाण्याजोगा सलग रस्ता क्वचितच होता. रस्ते हा प्रांतांचा विषय होता आणि प्रत्येक प्रांत आपल्या सीमेपाशी हात आखडता घेई.

ही अडचण दूर करण्यात मराठी माणसाचा आणि मराठी शहराचा वाटा मोठा आहे. १९२७ मध्ये मध्यवर्ती सरकारने मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालाने असे मांडले की रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक मंडळांना पेलणारा नाही, तो राष्ट्राने उचलला पाहिजे, आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून वेगळा निधी उभारावा. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांच्या करातून केंद्रीय रस्तेनिधी सुरू झाला, आणि समितीच्याच शिफारशीला अनुसरून १९३४ मध्ये भारतीय रस्ते परिषद, म्हणजे रस्ते-अभियंत्यांची देशव्यापी संस्था, स्थापन झाली. रस्ता वापरणाऱ्यानेच रस्त्याचा खर्च द्यायचा, हे आज टोलनाक्यावर फास्टॅगच्या रूपाने अंगवळणी पडलेले तत्त्व या दोन आण्यांपासून सुरू होते. त्यानंतर १९४३ च्या डिसेंबरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा तयार केला, तो ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली उतरंड या आराखड्याने रूढ केली. मुंबई-आग्रा रस्त्याला ३ हा क्रमांक आणि शिवपुरीहून झाशी-कानपूरमार्गे लखनौला जाणाऱ्या रस्त्याला २५ हा क्रमांक पुढे मिळाला, तो याच उतरंडीतून. प्रांतांच्या सीमा न मानणारा रस्ता ही कल्पना कागदावर उतरली ती युद्धाच्या ऐन धामधुमीत, हे विसरता कामा नये.

रस्त्यामागोमाग गाडी आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्यांपैकी प्रीमिअर पद्मिनी शतक संपेपर्यंत टिकली. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्या घरी ती येई त्या घराची ती सामायिक मालमत्ता होई. फियाटची पुढची बैठक सलग बाकासारखी होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता, त्यामुळे चालकाशेजारी एक मोठे माणूस आणि मध्ये एक मूल मावे, मागे आजी, आई आणि दोन-तीन मुले, टपावरच्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली होल्डॉल आणि ट्रंका, डिकीत स्टेपनी, जॅक, पाने, जादा फॅनबेल्ट आणि पाण्याचा डबा. कसाऱ्याचा घाट चढताना रेडिएटर तापला की बॉनेट उघडून, झाकणावर ओले फडके टाकून, वाफ निवेपर्यंत सर्वांनी रस्त्याकडेला बसायचे, हा प्रवासाचा ठरलेला भाग होता. गाडीतल्या शिदोरीचा इतिहासही जुन्या यात्रेशी जुळतो. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेली दशमी सोवळ्याच्या नियमांत प्रवासाला चालत असे आणि दोन दिवस टिकत असे, म्हणून ती यात्रेकरूच्या गाठोड्यात होती. नियम मागे पडले तरी टिकाऊपणामुळे ती तिखटमिठाच्या पुऱ्यांसोबत मोटारीत राहिली.

मुक्कामांची रचना मात्र इतिहासानेच आखून दिलेली होती. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, झाशी या गावांत अठराव्या शतकात स्थायिक झालेली मराठी घराणी होती आणि त्यांच्याशी सोयरिकी होत आलेल्या होत्या, त्यामुळे प्रवासाच्या पूर्वार्धात रात्रीला कुणाचे तरी घर, वरणभात आणि ओळखीची भाषा मिळे. गुणा-शिवपुरीच्या टापूत चंबळच्या दरोडेखोरांच्या धास्तीने दिवस मावळल्यावर गाडी चालवू नये असा दंडक होता. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांसमोर अनेकांनी शस्त्रे ठेवली तरी तो लगेच सुटला नाही. झाशी-काल्पी ओलांडली की मराठी घरे विरळ होत, आणि म्हणूनच लखनौ हा मराठी कुटुंबाला या वाटेवरचा पहिला खराखुरा परका मुक्काम वाटे. तसे ते सर्वस्वी परके नव्हते. १९२६ मध्ये विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने तिथे संगीत महाविद्यालय निघाले, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले, आणि नबाबांच्या शहरात मराठी गायकांचे जाणेयेणे नित्याचे झाले. १९९२ मध्ये टाटा मोटर्सचा कारखाना लखनौत उभा राहिल्यावर पुण्याशी आणखी एक धागा जोडला गेला.

गाडीत किती माणसे मावतात यावर प्रवासात कोण कोण असणार हे ठरते, आणि या दृष्टीने १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोचे महत्त्व मोठे आहे. टाटा मोटर्सचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या आणि पुण्यात तयार होणाऱ्या या दहा आसनांच्या गाडीने एकत्र कुटुंबाला एका वाहनात बसवले. १८५७ च्या यात्रेत एक वडीलधारा जाई आणि बाकीचे कावडीची वाट पाहत. सुमोतून आजी-आजोबा, दोन भावांचे संसार आणि मुले एकदम निघत, आणि कुठे थांबायचे, काय खायचे, कोणते देऊळ गाळायचे याबद्दल घरातल्या बायका आणि मुलेही बोलू लागली. भाड्याने मिळणाऱ्या सुमोमुळे स्वतःची गाडी नसलेल्या घरांनाही हे शक्य झाले. मोटारप्रवासाने मराठी कुटुंबात घडवलेला हा बदल रस्त्याच्या लांबीरुंदीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

रस्ते त्यानंतर झपाट्याने सुधारले. पोरबंदर ते सिल्चर हा पूर्व-पश्चिम महामार्ग आखला गेला तेव्हा शिवपुरी, झाशी, कानपूर, लखनौ आणि अयोध्या ही ठिकाणे एकाच चौपदरी सूत्रात आली, आणि आज २७ हा त्याचा एकच क्रमांक आहे. कानपूर रस्त्याने आलेली गाडी शहीद पथावरून लखनौला वळसा घालून अयोध्येकडे जाऊ लागली. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत रामलल्लाची प्रतिष्ठापना झाल्यावर या वळणरस्त्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या गाड्या नेहमीच्या झाल्या. नोकरीने लखनौत आलेल्या कुटुंबांपुढे गाडीच्या नोंदणीचा प्रश्न असे, कारण मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी मूळ राज्यातून ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या भारत मालिकेच्या क्रमांकांनी बदलीच्या नोकरीतल्या अनेकांची ही दगदग वाचवली.

पूर्वेकडची वाट या काळात काहीशी मागे पडली होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून विदर्भातले यात्रेकरू जबलपूर-रीवामार्गे प्रयागला जात, परंतु मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना नागपूर गाठणे हाच एक मोठा प्रवास होता. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरपर्यंत पूर्ण झाला आणि ही अडचण सरली. त्याआधी काही महिने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, प्रयागराजच्या महाकुंभाला निघालेल्या गाड्यांच्या रांगा इतक्या वाढल्या की मध्य प्रदेशच्या पोलिसांना कटनी, मैहर, रीवा या जिल्ह्यांतच वाहने थोपवून धरावी लागली. त्या रांगांत महाराष्ट्रातली असंख्य कुटुंबे मुलाबाळांसह अडकली होती. पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून उंचावरून नेलेला रस्ता, पुढे जबलपूर, रीवा, प्रयाग आणि रायबरेली असा हा मार्ग आता मुंबईकरांनाही जवळचा झाला आहे, आणि एका वाटेने जाऊन दुसरीने परतायचे, म्हणजे जाताना झाशी व अयोध्या आणि येताना प्रयाग व नागपूर, अशी फेरी आखणारी कुटुंबे वृंदावन योजनेच्या आसपास मुक्काम करतात, कारण पश्चिमेची वाट तिथे संपते आणि पूर्वेची तिथूनच सुरू होते.