बाळाची तपासणी आणि आईची विचारपूस

बाळ जन्मलं की आशाताई घरी येते. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४२ दिवसांत ६ वेळा, घरी झालं तर ७ वेळा. बाळाचं वजन, ताप, दूध पिणं बघते. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने रुजवलेली ही घरभेट २०११ मध्ये देशभर गेली. मुलचेऱ्याच्या जंगलातल्या गावांत ती आईपर्यंत पोचणारी मोठी सोय आहे. पण घरात मारहाण होते का, हे त्या आईला कोण विचारणार?

जागतिक आरोग्य संघटना २०१३ पासून सांगते, सरसकट सगळ्यांना विचारत सुटू नका. इजा आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल, आई सतत उदास असेल, तर जरूर विचारा, पण एकांतात. सासूसमोर विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ एवढंच कळतं. वर ताई गेल्यावर त्या आईलाच जाब विचारतात. पालकसभेत आम्हा शिक्षकांनाही हेच लागू.

विचारल्यावर पुढची वाटही हवी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र काढलं, तिथे दवाखान्यातच समुपदेशन मिळतं. आपल्याकडे १८१ हेल्पलाइन आणि तालुक्याचा संरक्षण अधिकारी.

कुणी म्हणतं, हा आपला कायदा नाही. चूक. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायांना लागू आहे. संरक्षण किंवा घरात राहण्याचा हक्क मागायला तलाक घ्यावा लागत नाही, आणि मेहरचा हक्कही जात नाही.